सर्जेराव, सात छर्रे आणि काळजातली गाठ

मुकुंदवाडीत स्टेशनाच्या अलीकडं एक चहाची टपरी आहे. तिच्यापुढच्या बाकड्यावर रोज सकाळी चार म्हातारे बसतात. तिघं ऐकायला, एक सांगायला. सांगणारे ते सर्जेराव. मूळचे करमाडचे, वय सदुसष्ट, आणि आवाज असा की प्लॅटफॉर्मवरच्या माणसानं गाडी आली समजून पिशवी उचलावी. लेकाला, इंद्रजीतला, शेंद्र्याच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा बायकोला, द्वारकाबाईंना, घेऊन ते शहरात राहायला आले. भांडीकुंडी आणली, दोन पोती ज्वारी आणली, आणि मारामारीची हौसही सोबत आणली.

त्यांच्या अंगावर खुणाच खुणा, आणि दर खुणेची एक हकीकत. डाव्या कानाची पाळी नाही. ती करमाडच्या बाजारात एका बैलाच्या दलालानं दातांनी तोडली. सर्जेरावांनी त्याचा अंगठा उलटा मोडला तेव्हा कुठं त्यानं कान सोडला, पण पाळी त्याच्या तोंडातच राहिली. "थुंकली त्यानं, आन् कुत्र्यानं उचलून नेली!" असं म्हणून सर्जेराव पोट धरून हसायचे. सांगता सांगता शेजारच्या म्हाताऱ्याचा कान ते असा पकडायचे की त्या बिचाऱ्याला आपल्या पाळीची काळजी लागावी. वरचे दोन दात मावसबहिणीच्या लग्नात गेले. नवरदेवाच्या घोड्याचा लगाम कुणी धरायचा, एवढ्याच कारणावरून. दात पडले ते सर्जेरावांचे, आणि मांडवातल्या कढईत पडला तो नवरदेवाचा मामा. बरं, कढई विझलेली होती म्हणून मामा जगला, नाहीतर बुंदीबरोबर तोही तळला गेला असता.

पण या सगळ्यांत मोठी हकीकत विहिरीची. ती सांगायला लागले की चहा गार व्हायचा.

"सात जण होते. मी एकटा," असं ती सुरू व्हायची. विहीर सामाईक. सर्जेरावांच्या बापाची आणि चुलत्याची निम्मी निम्मी. चुलत्याचा लेक काकासाहेब, सर्जेरावांपेक्षा दोन वर्षांनी मोठा. पाण्याची पाळी सर्जेरावांची होती आणि काकासाहेबानं इंजिनाचं पाणी आपल्या पाटात वळवलं. सर्जेरावांनी इंजिनाचं हँडल उपसलं, फिरवून चालू करायचं ते लोखंडी हँडल, आणि पहिला दणका काकासाहेबाच्या हातावर दिला. कोपराखाली हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या शेतात ऐकू गेला म्हणे. दुसऱ्याच्या बरगड्या, तिसऱ्याचा गुडघा, चौथा विहिरीच्या काठावरून आत. "आन् बाकीचे पळाले," सर्जेराव म्हणायचे, "पायतानं टाकून पळाले. मी ती पायतानं गोळा करून वर्षभर वापरली."

चाळीस वर्षं ही हकीकत अशीच, एक शब्द इकडं नाही की तिकडं नाही. करमाडात त्यांना लोक बिचकून असायचे ते या एका हकीकतीवर. आणि चाळीस वर्षं काकासाहेबाशी बोलणं बंद.

तर असे सर्जेराव एका मंगळवारी मुकुंदवाडीच्या चौकात एका स्कूटरवाल्याला मारत होते. स्कूटरच्या आरशानं त्यांच्या कोपराला धक्का लावला होता. पहिली थोबाडीत बसली, स्कूटरवाल्याचं हेल्मेट फिरून तोंड मागं गेलं. दुसरीसाठी हात वर उचलला आणि काळजात एकदम पन्नास घोडे उधळले. डोळ्यांपुढं अंधारी. ते पडले ते थेट त्या स्कूटरवाल्याच्या अंगावर, आणि दोघं मिळून गटाराच्या जाळीवर. भला माणूस, ज्यानं मार खाल्ला त्यानंच रिक्षा बोलावून त्यांना जालना रोडवरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आल्यावर सर्जेरावांनी पहिलं काय विचारलं असेल? "दुसरी बसली का नाय?"

दवाखान्यात इको झाला. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात लिंबाएवढी गाठ निघाली. ठोके उड्या मारत होते ते तिच्यामुळंच. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातला गुरुवार धरला. छातीचं मधलं हाड करवतीनं कापायचं, फासळ्या दोन्हीकडं फाकवायच्या, काळीज थांबवायचं, गाठ काढायची, काळीज परत चालू करायचं. चालू झालं तर.

"पण त्याच्याआधी एमआरआय," असं म्हणाल्या त्या डॉक्टर लुबना. फोटोच्या विभागाच्या डॉक्टर. पस्तिशीच्या, बारीक, बोलायला गोड आणि नजर वकिलासारखी. त्यांनी सर्जेरावांना, द्वारकाबाईंना आणि इंद्रजीतला समोर बसवून नीट समजावलं.

"बाबा, इकोत गाठ दिसते, पण ती कशाची आहे ते कळत नाही. सीटी काढला, पण तुमचं काळीज इतकं उडत होतं की कडा पुसट आल्या. आता गोळ्यांनी ठोके जागेवर आलेत. ही गाठ कॅन्सरची असू शकते, रक्ताची गुठळी असू शकते, किंवा नुसती चरबी. कॅन्सर असेल तर छाती उघडावीच लागेल. चरबी असेल तर हात लावायची गरज नाही, ठोक्यांच्या गोळ्या घ्यायच्या आणि वर्षातून एकदा बघायचं."

"आन् ह्या मशिनीला कसं कळतंय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"चरबी या मशीनमध्ये पांढरी चमकते. मग आम्ही मशीनला सांगतो, चरबीची तेवढी चमक विझव. विझवल्यावर अख्खी गाठ काळी पडली, तर ती चरबीच. मध्ये कुठं पांढरं उरलं, तर मग दुसरं काहीतरी आहे."

सर्जेरावांना हे पटलं. करवत न लागता जगायचं असेल तर हा एवढाच दरवाजा होता.

दरवाजावर बासित उभा होता. मशीन चालवणारा तो, दाढी कोरलेला, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. त्यानं खिशातून एक दोरी काढली, तिला लोखंडी चावी बांधलेली. मशीनच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहून त्यानं ती दोरी धरली, आणि ती चावी खाली लोंबायच्या ऐवजी आडवी झाली. हवेत ताठ, मशीनकडं तोंड करून, शिकारी कुत्र्यानं साखळी ताणावी तशी.

"देखा चाचा? अंगात लोखंड असलं, तर असं खेचतं. मांस फाडून बाहेर येतं. सच बोलो, कुठं धातू? ऑपरेशनची प्लेट, सळई, गोळी, छर्रा?"

"नाय," सर्जेराव म्हणाले. जरा मोठ्यानंच.

बासितनं धातू शोधायची पट्टी त्यांच्या अंगावरून फिरवली. डोकं, खांदे, छाती, पोट. चूप. मागून फिरवली आणि कमरेच्या खाली आली तशी ती पट्टी अशी किंचाळली की बाहेर बाकड्यावर बसलेले नातेवाईक उभे राहिले.

"चाचा, गाऊनच्या आत काय है?"

"काय नाय!"

"चाचा, गाऊनला तर खिसाच नाही."

सर्जेरावांनी उलट्या हातानं ती पट्टी उडवली. ती भिंतीवर आपटली, तिचा दिवा फुटला. बासितनं हात धरला तर त्याच्या छातीत कोपर बसलं. इंद्रजीत मधे पडला, त्याच्या चष्म्याची काडी गेली. आणि त्या गोंधळात द्वारकाबाईंचा आवाज आला. म्हातारी मोठ्यानं बोलत नाही, पण बोलली की माणसं थांबतात.

"डॉक्टरीणबाई, त्यांच्या ढुंगणात बंदुकीचे छर्रे हायेत."

सर्जेरावांचा उगारलेला हात तसाच वर राहिला.

"त्ये... त्ये बाभळीचे काटे हायेत," ते म्हणाले.

"अवो, चाळीस वर्सं हळद लावतीय मी तिथं," द्वारकाबाई म्हणाल्या. "थंडी पडली की एकेक गाठ मोजून शेकतीय. काटा काय असतो आन् छर्रा काय असतो, एवढं कळंना का मला? तुमी सांगितलं काटे, मी म्हनलं, बरं, काटे."

इंद्रजीत बापाकडं वळला. "आबा, पण छर्रे मागं कसे लागले? तुम्ही तर सात जणांना..."

"गप ये!" सर्जेराव गरजले. पण गरजण्यात दम नव्हता.

एक्स-रे काढला. कमरेखाली सात ठिपके. पाच चेपटलेले, दोन गोल. त्या दोन गोलांपैकी एक मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीला खेटून बसलेला. लुबनांनी एकेक ठिपक्यावर बोट ठेवून बघितलं.

"शिशाचे असतील तर मशीन त्यांना ओढत नाही, जरा ऊब लागेल, बास. पण लोखंडाचे असतील, आणि हा जो रक्तवाहिनीजवळ आहे तो हलला, तर टेबलावरच सगळं रक्त जाईल. चेपटलेले पाच शिशाचे असावेत, शिसं हाडावर आपटलं की चेपतं. पण या दोन गोलांचं मी छातीठोक सांगू शकत नाही. गावठी बंदुकीत लोक काहीही ठासतात. सायकलच्या गोळ्या, खिळ्यांचे तुकडे." त्यांनी मान वळवली. "बाबा, बंदूक कुणाची होती? त्या माणसाला विचारता येईल?"

सर्जेराव उठून उभे राहिले. "गुरुवारी छाती फाडा," ते म्हणाले. "त्याला इचारनार नाय."

आता बघा, माणूस कसा असतो. करवत चालेल, काळीज थांबवलेलं चालेल, पण काकासाहेबापुढं उभं राहून "तू मला मागून मारलंस तेव्हा बंदुकीत काय होतं" हे विचारणं चालणार नाही. कारण ते विचारलं की दुसरा प्रश्न आपोआप येतो. मागून का लागलं? पाठ का होती?

घरी रात्रीच्या जेवणाला द्वारकाबाई एवढंच म्हणाल्या, "ठीक हाय. गुरुवारी तुमी टेबलावर मेलात, तर तेराव्याला जेवायला कोन येनार? काकासाहेब भावजी. पंगतीत बसून विहिरीची गोष्ट कोन सांगनार? भावजीच सांगनार. आन् तुमी तर खोडून काढायला नसनार."

सर्जेरावांच्या हातातला घास तसाच राहिला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सकाळी इंद्रजीतच्या गाडीनं ते करमाडला गेले. चाळीस वर्षांत त्या अंगणात पाय टाकला नव्हता. काकासाहेब ओसरीत बसून विळ्याला धार लावत होता. डावा हात कोपराखाली वाकडा जुळलेला, जणू फांदी मोडून पुन्हा चिकटवली. त्यानं वर बघितलं, ओळखलं, आणि शेजारचा पितळी तांब्या उचलून थेट फेकला. काय नेम! तांब्या सर्जेरावांच्या कपाळावर लागला, पाणी आणि रक्त एकदमच मिशांतून खाली आलं.

"ये! हात मोडला तरी नेम हाय अजून!" काकासाहेब ओरडला.

सर्जेरावांनी तोच तांब्या उचलला आणि परत फेकला. काकासाहेबाच्या गुडघ्यावर बसला. इंद्रजीत मधे उभा राहिला आणि दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. आजूबाजूच्या आळीतली दहा-बारा माणसं भिंतीवर हात ठेवून बघायला जमली.

"काक्या," सर्जेराव धापा टाकत म्हणाले, "त्या दिवशी बंदुकीत काय ठासलं हुतं?"

"कुठल्या दिवशी? कसली बंदूक? आमच्याकडं बंदूक नव्हतीच." काकासाहेबाची नजर इंद्रजीतच्या मोबाइलकडं गेली. परवाना नसलेली, नळीतून ठासायची भरमार बंदूक, रानडुकरांसाठी लपवून ठेवलेली. तिच्यापायी फौजदार येईल, या भीतीनं तोही चाळीस वर्षं गप्प होता. एकाला लाज, दुसऱ्याला जेल. दोघांनी एकच गोष्ट गिळली होती.

इंद्रजीतनं सगळं सांगितलं. गाठ, गुरुवार, करवत, मशीन, सात ठिपके सोडून बाकी सगळं. ठिपके किती ते सांगायचं नाही, असं लुबनांनी त्याला बजावलं होतं.

काकासाहेबानं विळा खाली ठेवला. ऐकून झालं आणि त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"सांगतो. आधी तू सांग, सर्ज्या. लागलं कुठं?"

"मागं."

"मागं म्हंजे? पाठीत?"

"खाली."

"भिंतीवरच्या मानसांला ऐकू गेलं नाय."

सर्जेरावांच्या कपाळावरून रक्त वाहत होतं, काळीज ढोलासारखं वाजत होतं. भिंतीवर बारा तोंडं. त्यांतल्या निम्म्यांना त्यांनी कधी ना कधी बडवलेलं.

"ढुंगनात!" ते ओरडले.

"आन् माझ्याकडं ढुंगन का हुतं तुझं?"

आता असं वाटलं, म्हातारा त्याचा गळा धरणार. दोन पावलं पुढं गेलेही. मग थांबले.

"पळत हुतो," सर्जेराव म्हणाले. "तुझी बंदूक बघितली आन् पळालो. झालं?"

भिंतीवर कुणी हसलं नाही. काकासाहेबच तेवढा हसला, इतका की ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाला, "शिसं. मी स्वतः ओतलं हुतं. नऊ गोळ्या, एक कमी नाय, एक जास्त नाय."

"सातच हायेत," सर्जेराव पटकन बोलून गेले.

"दोन कुठं गेल्या?"

सर्जेराव आठवू लागले. जालन्याच्या बाजूचा जनावरांचा कंपाउंडर. बैलाला टोचायच्या खोलीत पालथं पाडून त्यानं चिमट्यानं दोन उपसल्या होत्या आणि तिसरीला स्वतःच घाबरून थांबला होता. सात आणि दोन, नऊ.

इंद्रजीतनं तिथूनच लुबनांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आकडा जुळला, चांगलं आहे. पण शिसं कुठून आणलं, त्यात काही मिसळलं का, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. घेऊन या त्यांना."

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ दवाखान्यात. सर्जेरावांच्या कपाळावर पट्टी, काकासाहेबाचा गुडघा सुजलेला. बासितनं जोरदार हातचुंबक आणून सर्जेरावांना पालथं केलं आणि कातडीजवळच्या छर्‍यांवर धरलं. काही हललं नाही, काही खेचलं नाही. "चाचा, ये तो शिसाच लगता है," तो म्हणाला. चुंबक धरताना तो एक हात अंतर राखून होता, दोन दिवसांपूर्वीचं कोपर त्याच्या लक्षात होतं.

लुबनांनी विचारलं, "काका, शिसं कुठलं होतं?"

काकासाहेब पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरू लागला.

"काका, हे महत्त्वाचं आहे. जाळ्यांच्या वजनाचं, पाइपचं, कशाचं?"

"बॅटरीचं," तो पुटपुटला. "जुन्या बॅटरीच्या प्लेटा वितळवल्या."

"कुठली बॅटरी?"

"टॅक्टरची."

सर्जेराव टेबलावरून उठून बसले. काकासाहेबाच्या घरी तेव्हा ट्रॅक्टर नव्हता. आळीत एकच ट्रॅक्टर, सर्जेरावांच्या बापाचा. आणि त्याची बॅटरी त्या साली पेरणीच्या तोंडावर चोरीला गेली होती. बापानं सर्जेरावांना चाबकानं फोडलं होतं, रानात राखण करता करता झोपलास म्हणून.

"माझ्या बापाची बॅटरी चोरलीस," सर्जेराव म्हणाले, अगदी हळू, "आन् तीच वितळवून मला मारलीस?"

पुढचं काय सांगू! टेबलावरून ती सदुसष्ट वर्षांची काया अशी झेपावली की गाऊन वाऱ्यावर गेला. दोघं फरशीवर. सर्जेरावांनी वाकडा हात पिरगाळला, काकासाहेबानं पट्टीवरच डोकं हाणलं, पट्टी सुटली. सलाइनचा स्टँड पडला, बासितच्या पायावरून चाकाची खुर्ची गेली. "चाचा, मर जाओगे!" असं बासित ओरडत होता. वॉचमन, दोन वॉर्डबॉय आणि द्वारकाबाई, अशा चौघांनी मिळून त्यांना सोडवलं. सगळ्यांत जास्त द्वारकाबाईंच्या पिशवीनं काम केलं, तिच्यात स्टीलचा डबा होता.

लुबनांनी हाताची घडी घालून सगळं बघितलं. मग म्हणाल्या, "ठोके एकशे चाळीस. आता दोन तास थांबावं लागेल. पण शिसं शिसंच आहे, एवढी खात्री झाली. इतक्या जिवावर उठून कुणी खोटं कबूल करत नाही." त्यांनी त्यांच्या वरच्या डॉक्टरांना दोनदा फोन केला, जोखीम पुन्हा समजावली, सह्या घेतल्या. फॉर्मवर एक रकाना होता, धातू अंगात कसा शिरला. इंद्रजीत पेन घेऊन घुटमळला.

"लिही," सर्जेराव म्हणाले. "पळताना."

दोन तासांनी ते मशीनच्या नळीत गेले. छातीवर जड पट्टा, कानात बोळे, हातात घाबरलं तर दाबायचा फुगा. काचेपलीकडून बासितचा आवाज, "श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा." आणि मग दणके सुरू झाले. ठण्‌ ठण्‌ ठण्‌, धाड धाड धाड, जणू कुणी बाहेरून पत्र्यावर हँडल हाणतंय.

श्वास धरून पडल्या पडल्या त्यांना तो दिवस खराखुरा दिसला, चाळीस वर्षं जो कुणाला सांगितला नव्हता. काकासाहेबाचा हात मोडला होता, खरं. दुसऱ्याच्या बरगड्यांवर बसली होती, तेही खरं. तिसऱ्याचा गुडघा मात्र हुकला होता. आणि विहिरीच्या काठावरून आत पडलेला माणूस स्वतःच पाय घसरून पडला होता. मग काकासाहेब मोडका हात छातीशी धरून खोपटाकडं पळाला आणि एका हातानं बंदूक ओढून आणली. नळीचं काळं तोंड समोर आलं. सर्जेरावांच्या हातातलं हँडल गळून पडलं. ते ज्वारीत घुसले. कणसं तोंडावर बसत होती, पायांखाली ढेकळं फुटत होती, मागून काकासाहेब किंचाळत होता. मग धडाका झाला आणि कमरेखाली कुणी तापलेली सळई घुसवावी तसा जाळ. ते पडले नाहीत. पळतच राहिले. ओढा, दुसरा बांध, तिसरा बांध, पायजम्यातून रक्त घोट्यापर्यंत आलं तरी पळत राहिले. श्वास फुटेपर्यंत.

"सोडा श्वास," बासित म्हणाला.

पाऊण तास असा दण्‌दण्‌ मार खाऊन सर्जेराव बाहेर आले. कमरेखाली जरा ऊब लागली होती, बाकी काही नाही. सगळे छर्रे जागेवर.

लुबनांनी सगळ्यांना पडद्यापुढं बोलावलं. काकासाहेबही लंगडत आला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पडद्यावर काळीज धडधडत होतं, आणि वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यावर लिंबाएवढा पांढरा गोळा चमकत होता.

"ही ती गाठ. आता दुसरं चित्र बघा, चरबीची चमक विझवल्यावरचं."

तोच पडदा, तेच काळीज. गोळ्याच्या जागी काळंभोर छिद्र. कडेला कुठं पांढरं नाही, मधे नाही.

"आणि शिरेतून औषध दिल्यावरही ती रंगली नाही. म्हणजे आत जिवंत वाढणारं काही नाही. नुसती चरबी आहे, बाबा. कॅन्सर नाही. गुरुवारचं ऑपरेशन रद्द. ठोक्यांच्या गोळ्या चालू ठेवा, वर्षानं पुन्हा या, आणि मारामारी बंद."

इंद्रजीत बापाच्या गळ्यात पडला. द्वारकाबाई खुर्चीवर बसून राहिल्या, पदर डोळ्यांना. सर्जेराव पडद्याकडं बघतच होते.

"चरबी व्हय?" काकासाहेब वाकून बघत म्हणाला. "मला वाटलंच. पहिल्यापासून लई हुती."

बाहेरच्या दालनात बाकड्यांवर तीस-चाळीस माणसं बसलेली. सकाळची मारामारी सगळ्यांनी ऐकली होती. एका बाईनं धीर करून विचारलं, "बाबा, नक्की झालं काय हुतं? ते छर्रे कसे लागले?"

सर्जेराव थांबले. इंद्रजीतनं त्यांचा दंड धरला, चला म्हणून. पण म्हाताऱ्यानं दंड सोडवून घेतला, छाती पुढं काढली, पट्टी बांधलेलं डोकं वर केलं.

"सात जण हुते," ते म्हणाले. "मी एकटा. एकाचा हात मोडला, त्यो बघा त्यो, लंगडतोय त्यो. तर ह्यानं आणली बंदूक. आन् मी जो पळालो!" त्यांनी हात हवेत फेकले. पहिल्या बाकड्यावरचा माणूस मागं सरकला. "करमाडात तसं कुनी पळालं नाय, पळनार नाय! ओढा एका उडीत. तीन बांध. ज्वारीची कणसं तोंडावर अशी बसत हुती, फाट् फाट्! ढुंगनात नऊ गोळ्या घेऊन पळालो, आन् पुढं एक ससा पळत हुता, त्यालाबी मागं टाकलं!"

लोक हसले. आधी एक, मग सगळे. सर्जेरावांचं तोंड उजळलं. ही हकीकत पहिलीपेक्षा सरस निघाली, हे त्यांना तिथल्या तिथं कळलं.

"अरं सर्ज्या," मागून काकासाहेब म्हणाला, "येवढ्या जोरात पळत हुतास, तर एका हातानं मारलेली गोळी तुला लागली कशी?"

दालन हसून फुटलं. सर्जेराव गर्रकन वळले, शेजारच्या म्हाताऱ्याची काठी हिसकली आणि काकासाहेबाच्या सुजलेल्या गुडघ्यावर अशी हाणली की तो बोंबलत खाली बसला. बसता बसता त्यानं सर्जेरावांचा पाय ओढला. बासित आतून पळत आला, वॉचमन बाहेरून, आणि लुबनांनी दार उघडून फक्त एवढंच विचारलं, "आता ठोके किती?"